थेंब टाकायला माणूस

इंदोरा, नागपूर
६ एप्रिल

सौ. चारुशीला हीस,
सप्रेम जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो. कुणाला काही झालेलं नाही, घर जागेवर आहे, टाकीत पाणी आहे. फोनच केला असता, पण तुझ्या नंबरवर मी लावला की तो भूमिका उचलते आणि "बाबा, आई मशीनवर बसली हाय" म्हणते. मुलीकडे निरोप ठेवून ठेवून मला कंटाळा आला. शिवाय सध्या मोबाईलच्या उजेडाकडे उजव्या डोळ्यानं बघवत नाही. कागदाचा तसा त्रास होत नाही.

डोळ्याचं असं झालं. मी फक्त चष्म्याचा नंबर तपासायला गेलो होतो. दुकानात कूलरच्या जळक्या मोटारी दुरुस्तीला यायला लागल्या आहेत, आणि बारीक तारेवरचं एनॅमल खरवडताना टोक पुसट दिसत होतं. सीताबर्डीच्या पुढे एक दवाखाना आहे, तिथे गेलो. पाटीवरची अक्षरं वाचून घेतली, ती मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग एका मुलीनं डोळा बधिर करायचं औषध टाकलं, पिवळं काहीतरी टाकलं, हनुवटी टेकवायला लावली आणि निळ्या दिव्याचं एक नळकांडं थेट बुबुळाला टेकवलं. आतला दाब मोजतात त्यानं. मुलगी नवीन होती. "काका, हिलना मत" म्हणाली आणि तिचाच हात हलला. तेव्हा काही समजलं नाही, डोळा बधिर होता. घरी येऊन वरण गरम करायला उभा राहिलो तर उजव्या डोळ्यात रेती.

चाळलेली बारीक रेती नाही. बांधकामावरची, जाड. तेव्हापासून ती तिथेच आहे. दिवसा डोळा पाझरतो, आणि सकाळी उठताना पापणी बुबुळाला चिकटलेली असते. ती उघडणं म्हणजे जखमेवरची पट्टी ओढून काढणं. म्हणून मी जागा झाल्यावर बराच वेळ डोळे उघडतच नाही.

हे फक्त माहितीसाठी. तू दिवाळीनंतर भूमिकाच्या बाळंतपणाला कन्हानला गेलीस, ते योग्यच होतं. बाळ आता पालथं पडतं, असं जावई सांगत होते. तेव्हा तिथलं काम किती उरलं असेल याचा अंदाज मला आहे. पण माझ्या डोळ्यासाठी यायचं काही कारण नाही. थेंब दिले आहेत, ते टाकले की होईल.

— सुशील


१५ एप्रिल

सौ. चारुशीला हीस,
सप्रेम जय भीम.

काल जयंती झाली. मी पांढरा शर्ट घातला, कडक इस्त्री स्वतःच केली, आणि उन्हाकडे बघवत नाही म्हणून काळा गॉगल लावला. चौकात बळीराम त्याचा ऑटो निळ्या झेंड्यांनी सजवून उभा होता.

"काय गा सुशीलभाऊ, हिरो बनून राहिला का?"

मी गॉगल काढून डोळा दाखवला. तो टुणकन मागे.

"अबे, डोये आले हायेत तुले! घरी बस ना, काहून साऱ्या बस्तीले वाटून राहिला?"

मी त्याला नीट समजावलं, की डोळे येणं म्हणजे साथ. हे तसं नाही, बुबुळाच्या वरच्या पापुद्र्याला लागलेलं आहे, एकाचं दुसऱ्याला होत नाही. तो "हो भाऊ, हो भाऊ" म्हणत ऑटोच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

आपल्या गल्लीच्या सरबताचा ड्रम दरवर्षी माझ्याकडे असतो, हे तुला माहीत आहे. लिंबू आधी, साखर विरघळल्याशिवाय बर्फ नाही. यंदा बायांनी माझ्या हातातला मग काढून घेतला. "राहू द्या काका, तुमी खुर्चीवर बसा." मी खुर्चीवर बसलो. सरबत पाणचट झालं होतं. बर्फ आधी टाकला होता, साखर तळाशी तशीच. लोक पीत होते.

आता थेंबांचं. एक गोष्ट तुला कळवायला हवी, कारण तू नाहीतर दुसऱ्या कुणाकडून ऐकशील. मला माझ्या डोळ्यात थेंब टाकता येत नाही. बाटली वर आली की पापणी मिटते. मी मिटत नाही, ती मिटते. डाव्या हातानं ओढून धरली तर उजवा हात हलतो. पहिली बाटली जवळजवळ सगळी गालावर आणि उशीवर गेली. मागे साथीत डोळे आले होते तेव्हा तू टाकत होतीस. बाटली कुठे धरत होतीस, कशी धरत होतीस, आठवून बघतो तर आठवत नाही. मी वर बघत होतो.

शेवटी शेजारच्या प्रयागबाईंना विचारलं. त्या तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकून लगेच आल्या. मला ओसरीवर आडवं केलं आणि गुडघ्यानं माझा खांदा दाबून धरला.

"डोया उघड ना बाप्पा! काहून भेतं इतकं? मी काय काढून नेऊन राहिली का तुह्या डोया?"

"उघडलाच आहे."

"हा उघडला म्हणतं का? झिरीतून पाहून राहिलं मले!"

पहिला थेंब नाकात गेला, दुसरा कानात. मग त्यांनी उपाय सांगितला. मागच्या गल्लीत कुणाची सून ओली बाळंतीण आहे, तिच्या दुधाची धार डोळ्यात घ्यायची. मी त्यांना जंतू म्हणजे काय आणि ते का करू नये, हे शांतपणे सांगितलं. त्या पदर झटकून उठल्या.

"बरं बापू. तू शिकेल माणूस. मंग टाक तूच."

त्या दवाखान्यात परत गेलो होतो. मोठ्या डॉक्टरांनी दिव्याखाली पाहिलं. म्हणाले, बारीक ओरखडा होता, आता भरला आहे. मी म्हणालो, मग रेती? म्हणाले, काही दिवस वाटेल तसं. काही म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं होतं.

नातीला माझा पापा. तिच्या डोळ्यात काजळ घालू देऊ नका.

— सुशील


२६ एप्रिल

सौ. चारुशीला हीस,

तुझं उत्तर आलेलं नाही. पोस्टाला उशीर होतो, मला कल्पना आहे.

मी एक सोय केली आहे. जुन्या टेबलफॅनचा स्टँड पलंगाच्या उशाशी उभा केला, त्याला पट्टी लावली, पट्टीला बाटली उलटी धरणारा चिमटा. बाटली दाबायला सायकलच्या ब्रेकची वायर, तिची मूठ माझ्या हातात. म्हणजे हात डोळ्याजवळ आणायचाच नाही. ओळंबा लावून बाटलीचं टोक आणि डोळ्याचा मध्य एका रेषेत घेतला. डोक्याखाली उशी नको म्हणून फळी. सगळं बरोबर आहे. मूठ दाबली की थेंब बरोबर त्याच जागी पडतो.

फक्त तो पडेपर्यंत पापणी मिटलेली असते.

बळीराम येऊन पाहून गेला. हसला नाही. "भाऊ, वयनीले बोलावून घे ना," म्हणाला. मी म्हणालो, तिला तिकडे कामं आहेत. तो स्टँडच्या मुठीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमचं काही झालं का?" मी म्हणालो, काही झालेलं नाही. आणि काही झालेलं नाहीच. आपलं भांडण झालं असं कुणी सांगू शकणार नाही.

त्याच बळीरामच्या कूलरची मोटार मी नवी तार गुंडाळून भरून दिली होती. काल सकाळी तो ती परत घेऊन आला. कूलर घरात गार हवा टाकायच्या ऐवजी घरातलीच हवा बाहेर फेकत होता. रात्रभर त्याच्या पोरांनी घामात काढलं आणि त्यांना वाटलं, बाहेरच उकाडा जास्त आहे. मी उघडून पाहिलं. स्टार्टिंगच्या तारेची दोन टोकं उलटी जोडली होती. मी. मी आजवर कुणाकडे शिकलो नाही, भंगारातल्या जळक्या मोटारी उकलून उकलून शिकलो, आणि इतक्या वर्षांत माझ्या हातची मोटार उलटी फिरली नव्हती. बळीराम म्हणाला, "होते गा, मानूस हाय." त्याचा तो समजूतदारपणा मला सहन झाला नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून ठेवलं आहे. मोटारी ठेवून जातात, पण मी हात लावत नाही.

रामदासपेठेतल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मोठं यंत्र, डोळ्याचे रंगीत फोटो. ते फोटो त्यांनी मला पडद्यावर दाखवले आणि म्हणाले, "देखिए, एकदम साफ आहे. तुमच्या वयात डोळे कोरडे पडतात. ये वाले ड्रॉप चालू ठेवा, आणि झोपताना मलम." मी म्हणालो, मला सकाळी पापणी उघडताना फाटल्यासारखं होतं. म्हणाले, "काका, इतना ध्यान मत दो उसपे." बाहेर आलो. खाली रसवंतीवर उभा राहिलो आणि पहिल्यांदा वाटलं, की मला जे होतं आहे ते मी कुणाला दाखवू शकत नाही. मोटार जळली तर वास येतो, काळी पडते. हे काहीच दिसत नाही. फोटोत डोळा माझ्यापेक्षा चांगला आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की त्या मुलीचा हात हलला. ते तसं नव्हतं. यंत्राच्या बाजूला एक चाक होतं, त्यावर आकडे होते. ती ते फिरवत होती. मला माझा आकडा बघायचा होता. म्हणून मी वळलो. ती "हिलना मत" म्हणाली ते त्यानंतर. मी तिची तक्रारही करून आलो होतो.

— सुशील


४ मे

चारुशीला,

भूमिकाचा फोन आला. तुझा निरोप म्हणून म्हणाली, "आई म्हंते, कोनालेबी सांगा, थेंब टाकून देतीन. नर्सबाई ठेवा पाहिजे तं."

ठीक आहे.

मी तुला ये म्हणालो आहे का? तीनही पत्रं पुन्हा वाच. एकदाही म्हणालेलो नाही. माणूस आजारी पडला तर घरच्यांना कळवतो, एवढंच मी केलं. जावयांकडून मला काय काय कळलं ते मी आजपर्यंत लिहिलं नव्हतं. तू भीमाबाई आणि कुणा प्रीतीबरोबर नदीच्या पुलाजवळ खोली घेतली आहेस. शाळेचे ड्रेस शिवता. बाळ पालथं पडायच्या कितीतरी आधीपासून. म्हणजे बाळंतपण हे कारण कधीच संपलं होतं.

शिवायचं होतं तर इथेही शिवता आलं असतं. मशीन इथेच आहे. तुझे पाय दुखतात म्हणून मी तिला मोटार बसवून दिली, वेग कमीजास्त करायचं बटन दिलं, सुईशी दिवा दिला. ती तू झाकून ठेवून गेलीस, आणि तिकडे पायानं चालवायची जुनी विकत घेतलीस. हे मला समजत नाही. यातलं काय समजायचं असतं ते कुणीतरी मला सांगावं.

जाताना तू म्हणाली होतीस, "या घरात मले माह्या मनानं मीठबी टाकता येत नाई." मी तेव्हा म्हणालो होतो, की मीठ किती ते डब्याच्या झाकणावर मी लिहून ठेवलेलं आहे, त्यात मनाचा काय प्रश्न. तू हसली होतीस. मला वाटलं, पटलं.

सध्या मी मीठ अंदाजानं टाकतो. झाकणावरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

— सुशील


९ मे

चारुशीला,

मागचं पत्र पोस्टात टाकायला नको होतं. टाकलं.

आज सकाळी डोळा उघडलाच नाही. म्हणजे मी उघडला, पण मग तिथेच पलंगावर बसून राहिलो, दोन्ही हात मांडीवर ठेवून. डोळ्याला हात लावायचा नाही असं सगळे डॉक्टर म्हणतात, आणि हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. प्रयागबाई दारातून म्हणाल्या, "सुशील, काही खाल्लं का गा?"

मी रविवारी कन्हानला येतो. फक्त थेंबांसाठी. राहीन भूमिकाकडे. तुमच्या कामात अडथळा येणार नाही. नको असेल तर भूमिकाकडून कळव.

— सुशील


१४ मे

चारुशीला,

काल घरी परत पोचलो. बस कामठीच्या पुढे बराच वेळ उभी होती, खिडकीतून धूळ येत होती, मी रुमाल डोळ्यावर धरून बसलो.

तिथे जे बोलायचं होतं ते राहून गेलं. आता इथे कागदावर बघतो.

तुमची खोली मी मनात काळोखी आणि कोंदट धरली होती. ती तशी नाही. उत्तरेचा उजेड येतो. निळ्या शर्टांचे गठ्ठे भिंतीला नीट लावलेले होते. तू मला कापायच्या टेबलावर झोपायला सांगितलंस आणि मी सगळ्यांसमोर झोपलो. वर पंखा किरकिरत होता. मी म्हणालो, बेअरिंग गेलं आहे याचं. त्यावर ती प्रीती म्हणाली, "काका आले नाई तं पंख्याले ताप आला!" आणि तुम्ही तिघी हसलात. तू इतक्या मोठ्यानं हसतेस हे मला माहीत नव्हतं. किंवा विसरलो होतो.

मग तू म्हणालीस, "वर पाहा," आणि थेंब आत गेला. मला कळलंही नाही. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा रेती ओली झाली. मी तसाच पडून राहिलो. भीमाबाई म्हणाल्या, "उठा भाऊ, टेबल पाहिजे," तेव्हा उठलो.

दोन दिवस असंच झालं. सकाळी भूमिकाकडे, दुपारी तुमच्या खोलीवर. बाळ माझ्या गॉगलला हात घालायचं. मला वाटायला लागलं होतं, की हे असंच चालेल. थेंब दिवसातून चार वेळा, डॉक्टर म्हणाले बरेच महिने. मी हिशेब करत होतो, की दुकान इकडे आणता येईल का. कन्हानलाही कूलर असतातच.

तिसऱ्या दिवशी तू बाटली माझ्या हातात दिलीस.

"आता तुमी."

"होत नाही. सांगितलं ना."

"होते. झोपा. डोया मिटा."

"मिटल्यावर कसा जाईल?"

"मिटा तं खरं. ते पापनी भेते ना, तं भेऊ द्या तिले. कायले भांडता तिच्यासंग?"

मी मिटला. तू माझं बोट धरून नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्यावर नेलंस. "इथं टाका. थेंब. बस." मी टाकला. तो कोपऱ्यातल्या खळग्यात गार होऊन बसला. "आता उघडा." उघडला, आणि तो आपोआप आत गेला.

मी उठून बसलो. मी स्टँड उभा केला होता, ओळंबा लावला होता.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कोन शिकवते? तुमच्या आईचा मोतीबिंदू काढला तवा मीच टाकत होती ना. त्याबी अशाच भेत. मंग मीच पाहून पाहून केलं असं."

आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी घरातच होतो. बाहेरच्या खोलीत मोटारी भरत होतो. तू हे करत होतीस, आणि मला वाटत होतं, की या घरात पाहून पाहून शिकणारा मी एकटाच आहे.

तू माझ्याकडून ते पुन्हा करून घेतलंस. तिसऱ्यांदा तू बघितलंही नाहीस. कॉलर उलटत होतीस. "झालं?" विचारलंस. मी म्हणालो, झालं. "बरं," म्हणालीस, आणि पायानं मशीन सुरू केलीस. तेव्हा मला समजलं की तू मला काय दिलं आहेस. मी जे मागायला आलो होतो ते हे नव्हतं.

बसस्टॉपवर मी विचारलं, तू कधी येशील. तू म्हणालीस, "शाया सुरू होयेस्तोवर तं काम हाय." मी म्हणालो, त्यानंतर? "त्यानंतर दिवाळीचे कपडे." त्यानंतरचं मी विचारलं नाही. तू माझ्या पिशवीत भाकरीचा डबा ठेवला होतास, आणि तुझा चेहरा रागावलेला नव्हता. रागावलेला असता तर मी समजावून सांगितलं असतं.

डोळा तसाच आहे. रेती आहे. सकाळी पापणी चिकटते. कन्हानला ती बरी वाटली ती बरी झालेली नव्हती.

आज उठल्यावर मी उघडायच्या आधीच बाटली चाचपली. उताणा होतोच. मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यावर थेंब टाकला, तो तिथे बसला, गार लागला. आता फक्त डोळा उघडायचा होता, म्हणजे तो आत गेला असता. मी उघडला नाही. कितीतरी वेळ तसाच पडून राहिलो, थेंब सांडू नये म्हणून मान न हलवता. बाहेर प्रयागबाई कुणावर तरी ओरडत होत्या. बळीरामनं दारात ऑटो थांबवला आणि हाक मारली, "सुशीलभाऊ, थेंब टाकून देऊ का गा?"

मी म्हणालो, "नको, मला येतं."

— सुशील